लिफ्टवाल्या बाईंचे साहेब

लिफ्टचे साहेब म्हणून ज्यांचा त्या भागात एवढा गवगवा झाला होता, ते गृहस्थ उभ्या आयुष्यात लिफ्टमध्ये बसले नव्हते. बसणार कसे? लिफ्टचं दार बंद होताना नुसतं पाहिलं तरी ते घाबरून दोन पावलं मागे सरकायचे. वरच्या मजल्यावर काम निघालं की स्वारी जिन्याने निघायची, मजल्यामजल्यावर थांबून धापा टाकायची, आणि कुणी पाहतंय असं दिसलं की चटकन भिंतीला कान लावून उभी राहायची. लोक एकमेकांना कोपराने ढोसायचे. बघा, साहेब प्रत्येक मजल्यावर आवाज तपासतात, असा माणूस आजकाल शोधून सापडत नाही.

खरोखरच सापडला नसता, कारण या साहेबांना लिफ्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करायची ती त्यांची बायको. साहेब घरी पोळ्या लाटायचे, आणि त्या मात्र उत्तम लाटायचे.

बायको हे काम रीतसर शिकलेली. परवाना काढलेली, एका कंपनीत वर्षानुवर्षं दोर, ब्रेक आणि दारांची कुलपं हाताळलेली. नवरा कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडून द्यायचा. मुलगी झाली आणि दुकान बंद पडलं, दोन्ही एकाच महिन्यात, त्यामुळे घरी कुणी राहायचं यावर चर्चा करायची वेळच आली नाही. तो राहिला. चार दिवस राहावं म्हणून राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की मुलीची वेणी घालणं, दूध उतू जायच्या ऐन क्षणी गॅस बंद करणं, चादरींची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालणं, हे सगळं आपल्याला जाम आवडतंय. बायकोला घरवाली म्हणायची पद्धत आहे. इथे घरवाला होता.

घर छान चाललं होतं. बिघाड व्हायचा तो बाहेर. बायकोने कंपनी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, आणि प्रत्येक दारात तोच संवाद ठरलेला.

"मेकॅनिक कुठाय?"

"मीच."

"नाही, म्हणजे खरा मेकॅनिक?"

एवढं बोलून माणसं तिच्या खांद्यावरून मागे बघायची. जणू खरा मेकॅनिक तिच्या पाठीमागे बुटाची नाडी बांधायला वाकला आहे आणि आता उभा राहील. ती परवाना दाखवायची. लोक परवाना वाचायचे, छान म्हणायचे आणि दुसऱ्याला बोलवायचे.

मग एक दिवस ती डबा घरी विसरली. घरवाला डबा घेऊन तिच्यामागे गेला. त्या दिवशी शाळेत पालकांची सभा होती, म्हणून अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि खिशाला पेन. इमारतीच्या दारातल्या गृहस्थांनी त्याला पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. "आले वाटतं साहेब!" घरवाला घाबरून म्हणाला, "हं." त्या एका अक्षरावर काम मिळालं. घरी परतताना नवराबायको इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी त्यांना रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. हसून झाल्यावर बायकोने डोळे पुसले आणि विचारलं, "शनिवारी परत येशील?"

तालीम स्वयंपाकघरात झाली. हात पाठीमागे, मान किंचित तिरकी, कान दाराला, आणि तोंडाने एकच गोष्ट, हं. पण त्याचेही प्रकार होते. तोकडा हं म्हणजे ठीक आहे. लांबलचक हं म्हणजे प्रकरण गंभीर आहे पण घाबरू नका. शेवटी वर चढणारा हं म्हणजे पुढे सांगा, मग गिऱ्हाईक आपलंच बोलत बसतं आणि आपण सुटतो. मुलगी ओट्यावर पाय हलवत बसायची आणि बापाला मार्क द्यायची.

तरी एखादा खोदून खोदून विचारणारा भेटायचाच. त्याच्यासाठी खूण ठरली होती, दोनदा खोकायचं. ज्या उभ्या बोळातून लिफ्ट वरखाली जाते, त्या शाफ्टमध्ये टाचणी पडली तरी ती सगळ्या मजल्यांना ऐकू जाते, आणि बायको तर वर मशीनरूममध्ये, जिथे दोर आत येण्यासाठी जमिनीलाच भोकं असतात. खोकला आला की ती मेन स्विच खाली ओढायची. काम चालू असताना लिफ्ट रिकामी असल्याची ती नेहमी खात्री करून घ्यायची, त्यामुळे धोका नव्हता. दिवे गेले की खाली 'अरे अरे' व्हायचं, आणि वरून गोड हाक यायची, "अहो साहेब, जरा वर येता का?" साहेब जिना चढून वर पोचले की ती स्विच पुन्हा चालू करायची. बंद करायची खूण होती. चालू करायची खूण ठरवायचं मात्र दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही, कारण तशी गरज कधी पडलीच नव्हती.

घरी 'अरे', बाहेर 'अहो साहेब', असं ते सोंग बेमालूम चाललं. उलट बाजूनेही काही वेगळं नव्हतं. घरी पाहुणे जेवले की बोटं चाटत बायकोला म्हणायचे, कामावर जाऊन एवढं सगळं करतेस, सुगरण आहेस हो! बायको म्हणायची, हं. दोघांनी एकमेकांचं कौतुक असं वर्षानुवर्षं परस्पर वापरलं.

पण खरं सांगायचं तर घरवाल्याला साहेबपणाची चटक लागली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसा तो आरामात वेटोळं घालून बसला होता. खुर्ची पुढे यायची, चहा यायचा. कधी हंवर भागलं नाही तर तो एखादं वाक्य टाकायचा, आणि ते सरळ चुलीजवळून आलेलं असायचं. "घाई केली की करपतं." "आधी वाफ जिरू द्यावी, मग झाकण उघडावं." लोक माना डोलवायचे. एकाने तर वाफेचं वाक्य आपल्या ऑफिसातल्या फळ्यावर लिहून ठेवलं.

अशातच ती मोठी वसाहत आली. एकाला लागून एक इमारती, प्रत्येकीत जुनी खुरडत चालणारी लिफ्ट, आणि त्या सगळ्यांची देखभाल एकाच माणसाकडे द्यायचा सोसायटीचा विचार. आधी एका इमारतीत काम करून दाखवायचं होतं. तिथली लिफ्ट कधी मजल्याला टेकायचीच नाही, बोटभर वर थांबायची, आणि माणसं बाहेर पडताना ठेचकाळायची. बायकोने महिनाभर त्या लिफ्टची सेवा केली. ब्रेकची पट्टी झिजली होती, ती बदलली, दोर ताणून सारखे केले. हे काम मिळालं तर ती गल्लीच्या तोंडाशी असलेला रिकामा गाळा भाड्याने घेणार होती. वर्कशॉप. दारावर पाटी. पाटीवर तिचं नाव. त्या पाटीचं चित्र तिने पिठाच्या रिकाम्या पुडक्यावर काढलं होतं, आणि घरवाल्याने ते पुडकं अजून टाकलं नव्हतं. तिने जन्मात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, पण या पाटीबद्दल बोलताना ती लहान मुलीसारखी भरभर बोलायची. हे काम हातचं गेलं तर ती काय बोलेल याची त्याला धास्ती होती. काहीच बोलणार नाही, याची त्याहून जास्त.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी बायको वर मशीनरूममध्ये होती. घरवाला खाली हात पाठीमागे बांधून उभा. दारात 'काम चालू आहे' अशी पाटी टेकवलेली. तेवढ्यात चेअरमन आले. त्यांच्यामागे त्यांची बायको, जिला सगळे चेअरमनबाई म्हणत. सोसायटीच्या सेक्रेटरी त्याच. नोटिसा त्या लिहीत, पंपवाल्याशी त्या भांडत, कुणाच्या घरात पाणी गळतंय ते त्यांना तोंडपाठ. चेअरमन हात पाठीमागे घेऊन चालत आणि जागोजागी हं म्हणत. घरवाल्याला पहिल्या दिवसापासून या माणसाबद्दल का कोण जाणे, जिव्हाळा वाटत होता.

"साहेब, झालं काम?" चेअरमन म्हणाले.

"हं."

"वा! मग चला, पहिली फेरी आपली. वहिनी वरच आहेत ना? त्यांच्यासमोरच करार पुरा करू. माझी सही कालच झालीय. नावाची जागा तेवढी रिकामी आहे."

"तुम्ही व्हा पुढे," घरवाला म्हणाला. "मी जिन्याने येतो."

"जिन्याने? लिफ्टचे साहेब जिन्याने?" चेअरमन गडगडाटी हसले, त्यांनी दारातली पाटी पायाने बाजूला सारली, घरवाल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बघता बघता त्याला आत ओढलं. चेअरमनबाई कागद सांभाळत मागोमाग आल्या. दार बंद झालं.

घरवाल्याची पाचावर धारण बसली. चार भिंती, वर छत, खाली काय ते देवाला ठाऊक. लिफ्ट हलली आणि त्याचं पोट तळमजल्यावरच राहिलं. घशाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली, आणि काही कळायच्या आत त्याला खोकला आला. एकदा. मग दुसऱ्यांदा.

लिफ्ट थांबली. दिवा गेला.

"अरेच्चा," अंधारात चेअरमन म्हणाले. "साहेब?"

"हं."

"हं काय? काय झालं?"

काय झालं ते घरवाल्याला लख्ख कळलं होतं, आणि म्हणूनच त्याला आणखी खोकला आला. खोकला आला म्हणून तो घाबरला, घाबरला म्हणून पुन्हा खोकला. नंतर बायकोने सांगितलं त्याप्रमाणे, पहिल्या दोन खोकल्यांना तिने स्विच ओढला. पुढच्या खोकल्यांना तिला वाटलं, आज फारच चिवट गिऱ्हाईक गाठ पडलंय, तेव्हा तिने फ्यूजही काढून खिशात टाकला. त्याच्याही पुढच्या खोकल्यांना तिने डबा उघडला. साहेब जिना चढून येईपर्यंत वेळ होता.

चेअरमननी धोक्याची घंटा दाबली. घंटा वाजली नाही, कारण तिची बॅटरी संपली होती, आणि बॅटरी बदला असं बायकोने दोनदा सांगूनही चेअरमननी हं म्हणून सोडून दिलं होतं. फोनला त्या लोखंडी पेटीत रेंज नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा बाहेर येऊन ओरडले, "कोण खोकतंय एवढं? वाफ घ्या, वाफ!"

"ही गोळी घ्या," अंधारात चेअरमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी चाचपडत घरवाल्याच्या तळहातावर एक गोळी ठेवली. त्या बाईंचा आवाज मुळीच घाबरलेला नव्हता.

चेअरमन मात्र घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस बडबडतो. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "लिफ्टचे साहेबच बरोबर आहेत, आपल्याला कसली भीती? आपण तोवर कराराचं बोलू. मी काय म्हणतो साहेब, नाव तुमचंच घालू. वहिनींचं नाव उगाच कशाला मधे? आता एवढं काम आलंय, तर हाताखाली चार माणसं ठेवा आणि वहिनींना घरी बसवा. बाईमाणसाचे हात असे काळे झालेले बघवत नाहीत हो. आणि घराकडे कोण बघतं? घराची तर पार आबाळ होत असेल."

घरवाल्याचा खोकला थांबला.

आबाळ? त्याने सकाळीच पडदे धुतले होते! डब्यांची झाकणं पुसली होती, मुलीच्या गणवेशाचं बटण लावलं होतं. पहिल्यांदा त्याला राग आला तो स्वतःच्या घराच्या अब्रूसाठी, आणि तो राग एवढा मोठा होता की क्षणभर भीती कुठल्या कुठे पळाली. मग त्याला ती पाटी आठवली. या करारात आपलं नाव पडलं की त्या पाटीवरही आपलंच पडणार. तो जन्मभर हं म्हणत खुर्चीत बसणार, आणि जिने महिनाभर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घातले, तिला लोक प्रेमाने घरी बसवणार. इतके दिवस गंमत वाटत होती. आता त्या गमतीने तोंड कडू झालं, चेअरमनबाईंची गोळी गोड असूनही.

"अगं एऽऽ!" तो ओरडला.

वरून मधाळ उत्तर आलं, "अहो साहेब, या ना वर! वाट बघतेय मी."

"कसा येऊ? मी आत आहे!"

"कशाच्या आत?"

"लिफ्टच्या!"

वर डब्याचं झाकण खणकन पडलं. मग सगळ्या वसाहतीने जिला आजवर 'अहो साहेब' म्हणतानाच ऐकलं होतं, तिचा खणखणीत आवाज मजल्यामजल्यावरून घुमत खाली आला. "अरे मूर्खा! तू लिफ्टमध्ये कशाला शिरलास?"

पटापट दारं उघडल्याचे आवाज आले. माणसं जिन्यात जमली.

"मला ओढलं!"

"मग खोकलास कशाला?"

"भीतीने!"

"एवढ्यांदा?"

"भीती तेवढी होती!"

अंधारात चेअरमननी त्याची बाही ओढली. "साहेब, वहिनी तुम्हाला अरे म्हणतात?"

"घरी म्हणते."

"आणि मूर्खा?"

"तेही घरीच."

चेअरमनबाईंच्या बाजूने एक बारीकसा आवाज येऊ लागला. त्या तोंडात पदर कोंबून हसत असाव्यात.

"स्विच लाव ना गं!" घरवाला केविलवाण्या आवाजात म्हणाला.

"लावते, थांब. तोंडात घास आहे."

आता सवय ती सवय. माणूस अंधारात लोंबकळत असो की मरणाच्या दारात उभा असो, डबा ज्याने भरला त्याच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "भाजीत मीठ बरोबर आहे?"

"जरा कमी आहे."

"कमी? शक्यच नाही! मी स्वतः चाखली होती!"

चेअरमनबाईंना आता हसू आवरेना. त्या भिंतीला टेकून खो खो हसू लागल्या. चेअरमन म्हणाले, "भाजी तुम्ही चाखली म्हणजे?"

अजूनही सावरता आलं असतं बरं का. आज बायको गडबडीत होती म्हणून मी जरा मदत केली, असं म्हटलं असतं तर चेअरमन खूश झाले असते, वर सुस्वभावी नवरा म्हणून पाठ थोपटली असती. झाकली मूठ तशीच झाकलेली राहिली असती. पण घरवाल्याने मूठ उघडली, आणि भीतीने त्याचा आवाज एवढा चढला होता की ती सगळ्या मजल्यांसमोर उघडली.

"भाजी मी केली! रोज मीच करतो! मी साहेब नाही, मला या लिफ्टमधलं काही कळत नाही, मला लिफ्टची भीती वाटते! ब्रेक तिने बदलला, दोर तिने ताणले, मी नुसता हं म्हणतो! आणि घराची आबाळ बिबाळ काही होत नाही, हवं तर येऊन बघून जा!"

वर खटकन आवाज झाला. दिवा लागला. लिफ्टने एक हलकासा श्वास घेतल्यासारखं केलं आणि ती सावकाश, झोपलेल्या बाळाला धक्का लागू नये अशी, तळमजल्यावर उतरली. उंबऱ्याला अगदी बरोब्बर टेकली. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण सगळे चेअरमनकडे बघत होते.

"फसवणूक!" चेअरमन बाहेर येत कडाडले. "शुद्ध फसवणूक!"

बायको धाडधाड जिना उतरून आली. हातात पाना, हनुवटीला भाजीचा रस. आधी तिने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, तो धड आहे याची खात्री केली, मग ती चेअरमनकडे वळली. "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, मेकॅनिक कोण. मी म्हटलं, मी. तुम्ही म्हणालात, नको, साहेबांना पाठवा. मी साहेबांना पाठवलं."

जिन्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. चेअरमन लालबुंद झाले. "ते काही असो. बाईने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये आता बसणार कोण?"

"महिनाभर बसताय."

"तेव्हा माहीत नव्हतं ना!"

"हो," दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा मान हलवत म्हणाले. "माहीत नव्हतं तेव्हा बरं होतं."

आणि गंमत अशी, की बाकीच्यांनीही माना हलवल्या. लिफ्टचं दार उघडं होतं, आत दिवा लागलेला होता, आणि एक माणूस पुढे होईना. दूध घेऊन आलेली बाई जिन्याकडे वळली. जड पिशवी घेतलेल्या एका धडधाकट गृहस्थाने पिशवी खांद्यावर टाकली आणि तोही जिन्याकडे वळला.

बायको काही बोलली नाही. तिने पाना पुसला आणि पिशवीत ठेवला. मग पक्कड ठेवली. घरवाल्याने हे पूर्वी पाहिलं होतं. साहेब नव्हते तेव्हा, प्रत्येक दारातून घरी परत आल्यावर तिने हत्यारं अशीच एकेक करून, पुसून पुसून पिशवीत भरली होती, आणि मग मुलीशी खेळताना ती जरा जास्तच मोठ्याने हसली होती. त्याने एकदा लिफ्टकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि तो चालू लागला.

"मी बसतो," तो म्हणाला आणि लिफ्टमध्ये जाऊन उभा राहिला.

जिन्याकडे वळलेली माणसं परत फिरली. या माणसाला किती भीती वाटते ते अख्ख्या इमारतीने नुकतंच ऐकलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि दोन्ही हातांनी त्याने मागची दांडी घट्ट धरली होती.

"तू?" बायको म्हणाली.

"ने मला. शेवटच्या मजल्यावर ने. पण लवकर ने, नाहीतर मी पळून जाईन."

ती आत आली. दार बंद होणार तोच एक हात मधे आला. "थांबा, मलाही यायचंय," म्हणत चेअरमनबाई आत शिरल्या.

"अगं, तू कुठे चाललीस?" चेअरमन म्हणाले.

"करार माझ्या हातात आहे. मी जाईन तिकडे करार जाईल."

"पण माझी सही..."

"तुमची सही झालीय. नेहमीसारखी, न वाचता," चेअरमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं.

लिफ्ट निघाली. घरवाल्याने डोळे गच्च मिटले, एका हाताने बायकोची बाही पकडली आणि दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं. खोकला अगदी घशापर्यंत आला होता.

"खोक की," बायको त्याच्या कानाशी म्हणाली. "वर स्विचपाशी कुणी नाहीये."

तो खोकला. लिफ्ट चालत राहिली. तो पुन्हा खोकला, मुद्दाम, मोठ्याने, आणि लिफ्टने त्याला भीक घातली नाही. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तिघंही एकदम हसत सुटली, आणि एकमेकांना धरून हसत असतानाच शेवटचा मजला आला. दार उघडलं. घरवाल्याने खाली पाहिलं. लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन, मधे केसाचंही अंतर नव्हतं. तो बाहेर पडला. ठेचकाळला नाही.

चेअरमनबाईंनी करार भिंतीला टेकवला आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हं," त्या म्हणाल्या, "सांगा साहेब, नाव काय लिहू?"

"मला काय विचारता?" घरवाला म्हणाला. "मेकॅनिक ती आहे. तिला विचारा."

चेअरमनबाई वळल्या. बायकोने हात पुसले, उगाचच, दोनदा. तिने नाव सांगितलं, पण अगदी पुटपुटत.

"ऐकू नाही आलं," चेअरमनबाई म्हणाल्या.

मग तिने पुन्हा सांगितलं, आणि या खेपेला ते अगदी तळमजल्यावर एकट्या उभ्या राहिलेल्या चेअरमननासुद्धा स्पष्ट ऐकू गेलं.